रडारला चढवलेला चोला

कोणाच्या पाठीमागे वाईट बोलायचं नाही, असा माझा रोजचा नियम आहे. सकाळी देवापुढे दिवा लावला की मी तो मनातल्या मनात पुन्हा घेते, कारण आमच्या ऑफिसात तो दुपारपर्यंत टिकवणं निर्जळी एकादशीपेक्षा कठीण. त्यामुळे डॉ. सुमंत पेशकार यांच्याबद्दल पुढे जे येईल, ते बहुतेक सगळं मी त्यांच्या तोंडावर बोललेली आहे. हळू आवाजात बोलले, हा माझा स्वभाव. ऐकलं नाही, हा त्यांचा.

हिंगणा रोडवरच्या आमच्या छोट्या संस्थेत आम्ही विमानाच्या पोटाखाली लावायचं रडार बनवत होतो. शत्रूची विमानं शोधणारं नाही. जमिनीचं चित्र काढणारं. कॅमेऱ्याला उजेड लागतो आणि ढग आले की त्याचं काम संपतं. आमच्याकडे शेतात पाणी कुठे तुंबलं हे ज्या दिवसांत बघायचं असतं, नेमके त्याच दिवसांत वर ढग असतात. रडार आपल्या लहरी आपणच सोडतं. त्या ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटून परत येतात, आणि त्या परतलेल्या कुजबुजीतून संगणक चित्र जुळवतो. ते जुळवायचं गणित माझ्याकडे होतं. लहरी सोडणारा आणि झेलणारा अँटेना वैभवीचा.

वैभवी मौद्याकडची, शेतकऱ्याची पोर. दाराएवढी चपटी पाटी आणि तिच्यावर तांब्याचे शेकडो चौकोन, असा तो अँटेना तिने स्वतः आखला, कापून घेतला, मोजला, मोडला आणि परत बनवला. वरून पांढऱ्या फायबरचा टोप. वारा आणि पाऊस आत येऊ द्यायचा नाही, पण लहरींना बाहेर जाऊ द्यायचं, एवढंच त्या टोपाचं काम. काच जशी उजेडाला, तसा तो लहरींना.

आता पेशकार. ते मूळचे रडारचे नाहीत. मूळचे कशाचे, हे मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही. पण आमच्या संस्थेचे संचालक तेच. कुठल्याही कार्यक्रमात समई पेटवताना त्यांचा चेहरा कॅमेऱ्याकडे आणि काडी भलतीकडे असते. वैभवीच्या अँटेनावर त्यांचा पहिल्यापासून राग. त्यांच्या ओळखीचा एक एजंट परदेशी अँटेना आणून देणार होता. खोक्यातून काढायचा, बसवायचा, फोटो काढायचा. मौद्याच्या पोरीने बनवलेल्या पाटीसोबत फोटो काढण्यात त्यांना काय रस!

दसऱ्यानंतर दिल्लीची समिती येणार होती. समिती येण्याच्या आदल्या दिवशी आमचं पहिलं उड्डाण, दुसऱ्या दिवशी समितीला घेऊन दुसरं. चित्र आलं तर वैभवीचा अँटेना कायम. नाही आलं तर परदेशी खोकं येणार, आणि वैभवीचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपणार. हे पेशकारांनी तिला जिन्यात, मोबाईलवर कोणाशी तरी बोलता बोलता सांगितलं होतं.

खंडेनवमीला मी ऑफिसात नव्हते. घरचे घट उठायचे होते. वैभवीही नव्हती. ती मौद्याला बापाच्या वावरात, बांधावर, रडारच्या खुणा उभ्या करायला गेली होती. पत्र्याचे तीन तिकोनी डबे होते ते. विमानातून चित्रात चांदणीसारखे चमकतात, म्हणजे रडारची नजर शाबूत आहे हे कळतं. तिचे बाबा ताराचंदभाऊ म्हणाले होते म्हणे, "काहून वं पोरी, धुऱ्यावर हे उघडे डब्बे काहून ठेवून राहिली? पाखरं घरटं करतीन ना त्याच्यात!" मग रोज सकाळी वावरात गेले की ते स्वतः डबे झाडून यायचे.

उड्डाणाच्या दिवशी आम्ही हँगरमध्ये पोचलो तेव्हा रडार विमानाच्या पोटाला बसवून झालं होतं आणि त्यावर कापडी झूल होती. आमची पद्धत अशी, की निघण्याआधी जमिनीवर रडार एकदा चालू करून बघायचं. मी म्हटलं, "सर, झूल काढा. एकदा तपासून घेऊ."

"यमुताई, मुहूर्त टळेल," पेशकार म्हणाले. "अमृत चौघडिया चालू आहे. तपासणी वर गेल्यावर करा."

"वर गेल्यावर तपासून काय उपयोग?"

"तुम्हीच असं बोलता? तुम्हाला मुहूर्ताचं महत्त्व मी सांगायचं?"

मुहूर्त मी पाळते. पण कुकरची शिट्टी न लावता गॅस पेटवायला कुठलाही मुहूर्त सांगत नाही, असं मी म्हटलं. ते पायलटशी हात मिळवायला पुढे गेले होते. आम्ही दोघी लॅपटॉप, वायरी, पाण्याच्या बाटल्या सांभाळत शिडी चढलो. झूल पेशकारांनी आम्ही आत बसल्यावर काढून घेतली. पेशकार विमानात बसत नाहीत. लहान विमानात त्यांना मळमळतं.

कन्हान नदी ओलांडली आणि वैभवीने रडार चालू केलं. पडद्यावर काहीच नाही. काहीच म्हणजे नुसता मुरमुरा, टीव्हीची केबल निघाल्यावर येतो तसा. आणि परतीच्या शक्तीचा काटा एकदम टोकाला. म्हणजे जेवढं पाठवलं, तेवढं दारातूनच परत.

"ताई, हे उलटं मारून राहिलं," वैभवी म्हणाली आणि तिने बटण बंद केलं. थोडं थांबून परत लावलं. परत काटा टोकाला. तिसऱ्यांदा लावताना तिचा हात थांबला. आणखी लावलं असतं तर आतलं यंत्रच जळालं असतं.

खाली ताराचंदभाऊंचं वावर आलं आणि गेलं. तिन्ही डबे उन्हात डोळ्यांना दिसत होते, रडारला नाही. वैभवी खिडकीला नाक लावून बघत होती. बापाने वर बघून हात हलवला, तो तिला दिसला असावा. तिनेही हलवला, पण अर्धाच.

उतरल्यावर सगळ्यात आधी ती विमानाच्या पोटाखाली वाकली. आणि तिथूनच तिने हाक मारली.

"ताई, इकडं या वं. पण हसू नका."

"काय झालं?"

"आपल्या रडारचे हनुमानजी झाले."

मी वाकून पाहिलं. टोप पांढरा नव्हताच. तेलात कालवलेल्या शेंदराने पूर्ण माखलेला, आणि त्या शेंदरावर चांदीचा वर्ख. एकाला एक लावून, मध्ये नखभर जागा न सोडता. वरून काचेसारखी चकाकी. मारुतीला चढवतात तो चोला. आमच्या नागपुरात गल्लोगल्ली चढतो, माझ्याही घरचा मारुती त्यातच असतो. पण रडारवर मी पहिल्यांदा पाहिला.

पेशकार हात चोळत आले. "कसं वाटलं? सरप्राइज! खंडेनवमीला लोक काय करतात, हत्याराला हळदकुंकू लावतात, दोन झेंडूची फुलं ठेवतात. मी म्हटलं, आपण मोठं करू. आणि बघा, एवढ्या वाऱ्यात हलला नाही! कामठी रोडच्या गाड्या रंगवणाऱ्याकडून वर लॅकर मारून घेतला."

"सर, वर्ख चांदीचा आहे ना?" मी विचारलं.

"प्युअर! महालच्या बाजारातून आणला. नकली कामं आपण करत नाही."

"चांदी धातू आहे."

"मग?"

"धातूतून लहरी जात नाहीत."

ते हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. "अहो यमुताई, वर्ख म्हणजे काय! फुंकर मारली तर उडतो. सोनपापडीवर लावून खातो आपण. एवढ्याशा वर्खाने रडार अडेल?"

"अडलं."

"मग तुमचा अँटेना कमजोर आहे," पेशकार म्हणाले आणि वैभवीकडे बघून त्यांनी मान हलवली, जणू पेशंटच्या घरच्यांना वाईट बातमी देताहेत. "जो अँटेना वर्खाला हरतो, तो ढगाला काय भेदणार?"

या संस्थेत येण्याआधी मी शिकवलेल्या मुलांत मूर्ख बरेच होते. पण मूर्खपणाला तर्कासारखे कपडे घालून फिरवणारा मी हाच एक पाहिला. मी त्यांना सांगितलं, की ढग पाण्याचा असतो आणि वर्ख चांदीचा. की पातळ असणं आणि पारदर्शक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. की आरसासुद्धा काचेमागच्या पातळ थरानेच आरसा होतो. ते घड्याळ बघत होते.

"तुम्ही एवढ्या धार्मिक," ते शेवटी म्हणाले. "रोज उपासतापास, जपजाप्य. आणि तुम्हीच देवाच्या चोल्यावर दोष ठेवता? नास्तिक बोलला असता तर मी समजू शकलो असतो."

"सर, माझ्या घरच्या मारुतीला दर शनिवारी चोला चढतो. त्याच्या डोळ्यांवर कोणी वर्ख लावत नाही. डोळे मोकळे ठेवतात. तुम्ही याचे डोळेच झाकले."

पेशकारांनी घड्याळावरून नजर उचलली. मला वाटलं, पोचलं.

"वा!" ते म्हणाले. "फार सुंदर वाक्य आहे. उद्याच्या भाषणात घेतो."

मग त्यांनी वैभवीला बाजूला, हँगरच्या दाराशी नेलं. मी दूर गेले नाही. दूर जावं अशी त्यांचीही इच्छा दिसली नाही; माझी गणती ते ऐकणाऱ्यांत करत नसत.

"हे बघ बेटा. उद्याचं उड्डाण होणारच, समितीला चक्कर मारायचीच आहे. चित्र येणार नाही, मालूम आहे. तू फक्त एवढं म्हणायचं, की अँटेना अजून कच्चा आहे. बस. मी तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवून देतो. बाहेरचा अँटेना येईल, तो तूच बसवशील. तुझंच भलं आहे."

"आन नाही म्हटलं तर?"

"तर मग महिनाअखेर आहेच."

"सर, चोला पुसून पाहू ना एकदा."

"चढवलेला चोला असा पुसत नाहीत," पेशकार म्हणाले. "पाप लागेल. आणि विमानाला काही झालं तर जबाबदार कोण? हात लावायचा नाही."

ते गाडीत बसून गेले. वैभवी हँगरच्या पायरीवर बसली. ओढणीने तोंड पुसलं, परत पुसलं.

"ताई, वाढवून देऊन राहिले म्हणते ना कॉन्ट्रॅक्ट."

"ऐकलं मी."

"नागपुरात दुसरं कोण देते मले असं काम? पुण्याले, बंगलोरले जा म्हणतीन. बाबाचं गुडघ्याचं धंतोलीच्या दवाखान्यात चालू आहे. त्याले कोण नेईन?" ती थांबली. "एक वाक्य तर बोलाचं आहे. कच्चा आहे म्हणाचं. कच्चाच म्हणाचं आहे, खराब थोडी म्हणाचं आहे."

मी तिला काही सांगितलं नाही. तिच्या बापाचा गुडघा माझा नव्हता, आणि पोटाच्या प्रश्नावर पंगतीत बसल्यासारखा उपदेश वाढणारी माणसं मला आवडत नाहीत. मी फक्त पदर खोचला आणि विमानाच्या मेकॅनिककडून थिनर मागून घेतलं.

"काय करता ताई?"

"चोला उतरवते."

"सर नाही म्हणाले ना?"

"त्यांना माहीत नाही. चोला उतरवतातच. जुना उतरवल्याशिवाय नवा नीट बसत नाही, आणि आपसूक गळून पडला तर लोक त्याला शुभ मानतात. देवाला ओझं झालं की तो टाकतो." मी हात जोडले, मारुतीची क्षमा मागितली, पेशकारांची नाही. "हे दैवत हवेतलं आहे. त्याला झाकून ठेवायला आपण कोण?"

लॅकर चिवट होता. कामठी रोडच्या त्या माणसाने काम इमानाने केलं होतं, मूर्खपणाचं असलं तरी. कापसाचे बोळे थिनरमध्ये भिजवून आधी वरचा थर मऊ करायचा, मग वर्ख लाकडी पट्टीने सोडवायचा, मग शेंदूर. वर्खाचा कण खाली सांडू द्यायचा नाही म्हणून मी खाली धुतलेला पंचा अंथरला. थोड्या वेळाने वैभवी उठली, दुसऱ्या टोकाला गेली आणि तिनेही बोळा भिजवला.

"पाप लागलं तर अर्धं माह्यं," ती म्हणाली.

"लागलं तर मला सांग. पेशकारांच्या खात्यात टाकू. तिथे जागा आहे."

ती हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. दिवेलागणीच्या आत टोप पुन्हा पांढरा झाला. काठाला शेंदराची बारीक रेघ राहिली, ती मी मुद्दाम ठेवली. तिथून लहरी जात नाहीत. निघालेला शेंदूर आणि वर्ख पंच्यात बांधून विसर्जनासाठी पिशवीत ठेवला. मग आम्ही जमिनीवर रडार लावून पाहिलं. परतीचा काटा तळाशी जाऊन बसला.

वैभवी त्या काट्याकडे बघत राहिली. दवाखान्यात रिपोर्ट नॉर्मल आल्यावर लोक बघतात तशी.

"चांगला आहे ताई," ती म्हणाली. "माह्या अँटेना चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. समितीच्या अध्यक्ष कामिनी मॅडम, राहायला दिल्लीत पण माहेर नागपूरचं. सोबतचे दोघे सदस्य चहा आणि तर्री-पोहे यांच्यात आधीच रमलेले. पेशकार त्यांना विमानाकडे घेऊन आले, वाकले, आणि सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"चोला कुठे आहे?" त्यांनी मला दात आवळून विचारलं.

"उतरवला."

"कोणाच्या परवानगीने?"

"ज्याचा होता त्याच्या."

"यमुताई, हे फार झालं."

"सर, फार तर तुम्ही केलं. एवढं यंत्र तीन-तीन वर्षं पोर जीव लावून बनवते, आणि तुम्ही त्याला मिठाई समजून वर्ख लावता. भक्ती करायची होती तर हात जोडून होते. तुम्हाला भक्ती करायची नव्हती, करताना दिसायचं होतं." हे मी हळूच बोलले. मागे उभ्या सदस्यांना वाटलं असेल, मी त्यांना प्रसादाचं विचारते आहे. पेशकारही तसेच हसले. त्यांना पाहुण्यांसमोर हसण्याची सवय आहे.

कामिनी मॅडम आमच्यासोबत वर आल्या. दोघे सदस्य पेशकारांच्या सोबतीला खालीच राहिले. त्यांनाही ऐनवेळी मळमळायला लागलं.

ढगांच्या वर गेलो. खाली जमीन नाहीच, नुसता पिंजलेला कापूस. मॅडम म्हणाल्या, "आता काय दिसणार?"

वैभवीने बटण लावलं. काटा खाली राहिला. मी माझं गणित चालू केलं. पडद्यावर वरून खाली, ओळीमागून ओळ, नागपूर जिल्हा उतरू लागला. कन्हान काळीभोर; सपाट पाणी लहरी परत पाठवत नाही. रस्ते, धुरे, संत्र्याच्या बागांचे ठिपके. खिडकीबाहेर कापूसच होता आणि पडद्यावर खालचं गाव, एकेक बांधासकट. मॅडम खुर्चीतून पुढे सरकल्या.

मग ते वावर आलं. धुऱ्यावर तीन चांदण्या, लखलखीत.

"हे काय?"

"माह्ये बाबा," वैभवी बोलून गेली, मग सावरली. "म्हणजे बाबाच्या वावरातले आपले डब्बे, मॅडम. खुणेचे. आन हा त्याच्या बाजूचा काळा पट्टा... पाणी तुंबलं आहे तिथं. सोयाबीनमध्ये. बाबाले फोन करा लागते खाली गेल्यावर."

मॅडमनी बराच वेळ त्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग वैभवीकडे.

"काल काही दिसलं नव्हतं म्हणे. पेशकारांनी रात्री फोन करून सांगितलं, अँटेना कच्चा आहे."

वैभवीने बटणावरचा हात काढून घेतला. हे एक वाक्य तिने पायरीवर बसून कितीदा तोंडात घोळवून पाहिलं होतं, ते मला माहीत होतं. चित्र आलं होतं, तरी ते वाक्य अजून तिला विकता येत होतं. थोडं कच्चा, थोडं काम बाकी, म्हणजे पेशकारही खूश आणि कॉन्ट्रॅक्टही वाढलं. मी पडद्याकडेच बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावरून तिने उत्तर वाचायला नको होतं.

"अँटेना कच्चा नाही, मॅडम," वैभवी म्हणाली. "अँटेना पक्का आहे. काल त्याच्यावर चांदीचा वर्ख होता. पेशकार सरांनी खंडेनवमीले हनुमानजीसारखा चोला चढवला होता. पूर्ण. वरून लॅकर. मी आन ताईनं काल पुसला, सर नाही म्हणत होते तरी."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "रडारवर? वर्ख?"

"हो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "नदीचा तो भाग परत दाखव."

खाली पेशकार हारतुरे घेऊन उभे. चित्र आल्याचं पायलटने आधीच रेडिओवर सांगून टाकलं होतं, आणि तेवढ्या वेळात पेशकारांनी आपलं मत बदलून, धुऊन, इस्त्री करून घेतलं होतं.

"बघितलंत मॅडम? चोल्याचा प्रताप!"

"कोणता चोला?" मॅडम म्हणाल्या. "या मुलीने पुसला तो?"

पापणीही न लवता पेशकार म्हणाले, "तोच! आधी चढवला, मग विधिवत उतरवला. चढवल्याशिवाय उतरवणार कसा?"

दोघे सदस्य माना डोलवू लागले. एकाने तर विचारलं, आमच्याकडे नवीन प्रयोगशाळा होते आहे, तिथे असं काही करून मिळेल का. मी मॅडमकडे पाहिलं. त्या आता काही बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "अँटेना हाच राहील. आणि बनवणारीही," आणि त्या गाडीत बसल्या, कारण त्यांचं दिल्लीचं विमान होतं. पेशकारांना कोणी काही म्हटलं नाही. अशा माणसांना कोणी काही म्हणत नाही. त्यांना म्हणण्यासारखं काही उरलेलं नसतं.

गाडी गेल्यावर ते वैभवीकडे वळले. कॉन्ट्रॅक्टचं त्यांनीच केल्यासारखं सांगितलं, पाठीवर थाप मारायला हात उचलला, ती सरकली, हात हवेत राहिला. तोवर मेकॅनिकने अँटेना उतरवून दिला होता. वैभवीने तो पेटीत ठेवला, स्पंज लावला.

"थांब थांब!" पेशकार एका हातात नारळ घेऊन धावत आले, फोटोग्राफर मागे. "लावू नको. वर्तमानपत्रासाठी पाहिजे. मी आणि अँटेना. याच्यावर हात ठेवतो, नारळ असा समोर..."

वैभवीने पेटीचं झाकण लावलं. कुलूप घातलं. किल्ली ओढणीच्या टोकाला बांधून गाठ मारली.

"सर, पेटी दिसते ना बाहेरून. पेटीसोबत काढा."

त्यांनी काढला.